गोठ्यातील वयोगणना : मराठी वाक्संप्रदायांतील तारुण्य आणि वार्धक्य

१

वय झालेला गृहस्थ तरुणांच्या मेळाव्यात तरुणासारखा वागू लागला, म्हणजे तो 'शिंगे मोडून वासरांत शिरला' असे आपण म्हणतो. घरातला मुलगा वडीलधाऱ्यांना उलट बोलू लागला, की त्याला 'शिंगे फुटली' असे म्हणतो. कामाधंद्यावाचून हिंडणाऱ्या धष्टपुष्ट तरुणाला 'टोणगा' म्हणतात. त्याला आवर घालावयाचा तर 'वेसण घालावी' लागते, आणि पुढे त्याच्या 'मानेवर जू' आले म्हणजे तो मार्गी लागला असे मानतात. माणसाच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक टप्प्यासाठी मराठीने गोठ्यातून एखादा शब्द उचललेला आहे.

या सामग्रीचे संकलन आपल्याकडे बऱ्याच पूर्वी झाले. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८३१ व १८५७ च्या आवृत्त्या, मॅनवारिंग यांचा १८९९ मधील म्हणींचा संग्रह, वा. गो. आपटे यांचे 'मराठी भाषेचे संप्रदाय व म्हणी' (१९१०) आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' (१९४२–४७) ही त्यातील ठळक नावे. संग्राहकांनी अर्थ दिले, म्हणींचे वर्गही पाडले. तथापि एक प्रश्न बाजूला राहिला. या वाक्संप्रदायांत वय मोजले जाते ते कोणत्या मापाने? जनावराच्या जन्माची तिथी कोणी लिहून ठेवीत नाही. मग ते 'लहान' आहे, 'जाणते' झाले आहे किंवा 'म्हातारे' झाले आहे, हे कशावरून ठरते? आणि तेच माप माणसाला लावले म्हणजे भाषेत काय घडते? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आरंभीच निष्कर्ष सांगावयाचा तर असा : गोठ्यातील वय वर्षांनी मोजले जात नाही, ते कामाने मोजले जाते. कामापूर्वीचा काळ म्हणजे बाल्य, काम करण्याचा काळ म्हणजे प्रौढत्व आणि काम संपल्यानंतरचा काळ म्हणजे केवळ उणीव. आपल्या वाक्संप्रदायांनी हे माप माणसाला लावले खरे. परंतु मराठीच्या व्याकरणाने ते पूर्णपणे मान्य केलेले नाही. शेवटच्या या विधानाचे स्पष्टीकरण निबंधाच्या उत्तरार्धात येईल.

२

जनावराच्या वयाची पहिली साक्ष म्हणजे दात. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या जबड्यात आठ असतात. दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीने येतात. साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पहिली जोडी येते आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास चारही जोड्या पुऱ्या होतात. बैलबाजारातील परिभाषा यावरच उभी आहे. कायमचा दात न आलेला तो 'आदत'. त्यानंतर दोनदाती, चारदाती, सहादाती. आणि सर्व दात आले म्हणजे जनावर 'जुळले'. पश्चिम महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींत 'आदत', 'दुसा', 'चौसा' असे गट आजही पाडले जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या शर्यतींना अनुमती देणारा कायदा वैध ठरविला. त्यामुळे ही जुनी वयोवाचक नामे छापील जाहिरातींतून पुन्हा डोळ्यांपुढे येऊ लागली आहेत.

ही पद्धती किती जुनी आहे, याचा पुरावा पाणिनीच्या व्याकरणात मिळतो. अष्टाध्यायीतील एका सूत्राने (५.४.१४१) असे सांगितले आहे की, संख्यावाचक शब्दापुढे 'दन्त' शब्द आला आणि त्यावरून वय सांगावयाचे असले, तर त्याचे रूप बदलते. 'द्विदन्', 'चतुर्दन्' ही रूपे अशी सिद्ध होतात. टीकाकारांनी याला दिलेले प्रत्युदाहरण मार्मिक आहे : हत्तीला दोन दात असतात, पण त्यावरून त्याचे वय कळत नाही, म्हणून हत्ती 'द्विदन्त'च राहतो. ज्या समाजात दात पाहून वय ठरविण्याचा व्यवहार रोजचा होता, त्याच समाजाच्या व्याकरणाला असा स्वतंत्र नियम करण्याची गरज पडावी, हे स्वाभाविक आहे.

येथे एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. जनावर जुळले, की दातांचा हिशेब संपतो. त्यानंतर दात झिजतात, हलतात, पडतात. पण त्यांची संख्या नेमके वय सांगत नाही. म्हणजे या परिभाषेत तारुण्याच्या प्रत्येक पायरीला नाव आहे आणि वार्धक्याच्या पायऱ्यांना नाव नाही. घोड्याचे तसे नसते. त्याच्या दातांची झीज, त्यांवरील खुणा आणि हिरड्या आकसल्याने दिसणारी लांबी यांवरून उतारवयाचाही अंदाज बांधता येतो. इंग्रजीत वय झालेल्या माणसाचे 'दात लांब झाले' असे जे म्हणतात, ते यामुळे. मराठीतील सादृश्य शोधू गेल्यास 'धर्माची गाय, दात का नाय' ही म्हण सापडते. तीत म्हातारपण सांगितले आहे ते दात नसण्यावरून. तारुण्य मोजले जाते ते काय आले यावरून आणि वार्धक्य मोजले जाते ते काय गेले यावरून, हा भेद पुढेही सर्वत्र आढळेल.

३

दातांनंतरची खूण शिंगांची आणि वशिंडाची. दात पाहावयाचे तर जनावराचे तोंड उघडावे लागते. शिंगे मात्र लांबूनही दिसतात. म्हणूनच ती वयाची सार्वजनिक खूण ठरली असावीत. 'शिंगे फुटणे' आणि 'शिंगे मोडून वासरांत शिरणे' हे दोन वाक्संप्रदाय शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. पहिल्यात शिंग म्हणजे नव्याने आलेली ताकद व तिच्याबरोबर येणारा उद्दामपणा. दुसऱ्यात तेच शिंग लपविण्याची वस्तू झाले आहे. यातील विनोदाचे मर्म असे की, कोणतेही जनावर स्वतःची शिंगे मोडून घेत नाही. वय लपविण्याची हौस माणसाची. जनावराची केवळ प्रतिमा.

वशिंडाचा उल्लेखही पाणिनीकडे आहे. वयाची अवस्था दाखवावयाची असता 'ककुद' शब्दाच्या अंत्य स्वराचा लोप होतो (५.४.१४६). ज्याला वशिंड अजून आले नाही तो बाल, ज्याचे पूर्ण भरले तो मध्यमवयाचा, असे काशिकाकार स्पष्ट करतात.

याहून महत्त्वाचे सूत्र मात्र दुसरेच आहे (५.३.९१). वत्स, उक्षन्, अश्व आणि ऋषभ या चार शब्दांना 'तनुत्व', म्हणजे विरळ होणे, या अर्थी एक प्रत्यय लागतो आणि वत्सतर, उक्षतर, अश्वतर, ऋषभतर ही रूपे होतात. काशिकेचे विवरण असे : वत्सतर म्हणजे ज्याचे वासरूपण विरळ होऊन जो दुसऱ्या वयात आला तो, उक्षतर म्हणजे ज्याचे तारुण्य विरळ होऊन जो तिसऱ्या वयात आला तो, आणि ऋषभतर म्हणजे ज्याची ओझे वाहण्याची शक्ती मंदावली तो. वाढणे आणि थकणे या दोन्ही गोष्टी येथे एकाच प्रत्ययाने सांगितल्या आहेत. तरीही 'ऋषभतर' या शब्दाचा अर्थ सांगताना काशिकाकारांना वर्षांचा आधार घ्यावासा वाटला नाही; त्यांनी ओझ्याचा घेतला. अमरकोशात वत्सतर आणि दम्य हे समानार्थी म्हणून येतात. दम्य म्हणजे ज्याला वळण लावावयाचे, ज्याला कामाला जुंपण्याजोगे करावयाचे तो. तात्पर्य, वयाची कामाशी घातलेली सांगड मराठीने नव्याने घातलेली नाही. ती तिला वारशाने मिळाली आहे.

४

मराठीत 'दम्या'ची जागा खोंडाने घेतली. वासरू मोठे झाले, पण मानेवर जू आलेले नाही, तो खोंड किंवा गोऱ्हा. त्याचा बैल होण्यासाठी तीन गोष्टी घडाव्या लागतात : नाक टोचून वेसण घालणे, खच्ची करणे आणि जुंपणे. या तिन्ही क्रिया आज लाक्षणिक अर्थाने मराठीत रूढ आहेत, पण त्यांचे भवितव्य सारखे झालेले नाही. 'जू मानेवर येणे' अजून संसाराच्या जबाबदारीशी निगडित आहे. 'वेसण घालणे' तरुणापुरते मर्यादित न राहता महागाईला आणि भ्रष्टाचारालाही लागू झाले. 'खच्चीकरण' हा शब्द तर वृत्तपत्रांतून मनोधैर्य खचविणे या अर्थी इतका सर्रास येतो की, त्याचा गोठ्याशी असलेला संबंध बहुतेक लेखकांच्या ध्यानातही नसतो. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका वर्गात या शब्दाचा मूळ अर्थ विचारला असता, 'खचणे' या धातूवरून तो झाला असावा, असे उत्तर अनेकांनी दिले. उत्तर चुकीचे असले तरी उद्बोधक आहे : वस्तू नाहीशी झाली, की भाषा शब्दाला जवळचा दुसरा आधार शोधून देते.

कामाला न लागलेल्या प्रौढ नरासाठी मराठीत शब्दांची गर्दी आहे : टोणगा, रेडा, हल्या, पोळ, वळू. यांपैकी पोळ हा देवाच्या नावाने सोडलेला आणि वळू हा पैदाशीसाठी राखलेला, दोघेही जुवाबाहेरचे. रेड्याच्या बाबतीत प्रदेशभेद लक्षात घ्यावा लागतो. कोकणात व गोव्यात भातखाचरांच्या चिखलणीसाठी रेडा जुंपला जात असे. देशावरील कोरडवाहू शेतीत मात्र मुख्य काम बैलाचे; तेथे रेड्याला तितके स्थान नव्हते. अंगाने मोठा आणि उपयोगाने लहान, हा 'टोणगा' शब्दातील ध्वनी देशावरील शेतीच्या या स्वरूपाशी जुळतो, असे म्हणावयास हरकत नाही.

याच्या उलट 'शिंगरू मेले हेलपाट्याने' या म्हणीत बाल्याची कणव आहे. ओझ्याच्या घोडीमागून तिचे शिंगरू विनाकारण ये-जा करते. पाठीवर ओझे नाही, तरी दमून मरते. कामाच्या वयापूर्वी जिवाला पडणारे श्रम भाषेने येथे अचूक टिपले आहेत. म्हणजे गोठ्याचे माप सदैव निष्ठुर असते असे नाही. कामाची वेळ न झालेल्या जिवाला ते सूट देते. ज्याची वेळ होऊन गेली, त्याला मात्र तशी सूट देणारी म्हण सहसा आढळत नाही.

५

आतापर्यंतचे शब्द पुरुषांसाठीचे झाले. स्त्रीच्या वयासाठी भाषा बैलाकडे न जाता गाईकडे जाते आणि माप जुवाऐवजी दूध व वेत यांचे होते. 'दुभत्या गाईच्या लाथा गोड' ही म्हण त्या मापाची कबुलीच होय. 'भाकड' या शब्दाचा प्रवास येथे अभ्यासनीय आहे. भाकड म्हणजे दूध न देणारी. ती म्हातारी असतेच असे नाही. दोन वेतांमधल्या काळात तरुण गायही भाकड असते आणि पुन्हा व्याल्यावर दुभती होते. गोठ्यात भाकडपण ही एक येणारी-जाणारी अवस्था आहे. माणसाला, विशेषतः स्त्रीला, हा शब्द लावला गेला तेव्हा मात्र तो कायमचा शिक्का झाला. शेतकऱ्याच्या तोंडी जो शब्द तात्पुरत्या स्थितीचा, तोच शहरी बोलण्यात निरुपयोगीपणाचा पर्याय व्हावा, हा अर्थसंकोच गोठ्याने केलेला नसून गोठ्यापासून दुरावलेल्यांनी केला आहे.

'घोडनवरी' या शब्दाचा विचार थोड्या सावधपणे केला पाहिजे. 'घोडचूक' या शब्दात 'घोड' हे पूर्वपद केवळ मोठेपणा दाखविते. तेथे घोड्याचे निरीक्षण नाही. घोडनवरीतही तसेच असणे शक्य आहे. मात्र 'एवढा घोडा झालास तरी' असे मुलालाही म्हणतात. तेव्हा वाढलेल्या अंगाची प्रतिमा सर्वस्वी पुसली गेली आहे असेही म्हणता येत नाही. व्युत्पत्ती कोणतीही मानली तरी या शब्दात वर्षांचा आकडा नाही, ही गोष्ट महत्त्वाची. आकडा समाज पुरवितो. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा १० वरून १२ वर नेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले हे सर्वश्रुत आहे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले आणि १९७८ मध्ये ते १८ झाले. ज्या काळी आठव्या-दहाव्या वर्षी लग्ने होत, त्या काळी चौदा वर्षांची मुलगी घोडनवरी ठरे. आज त्याच वयाच्या मुलीचे लग्न करणे हा गुन्हा आहे. शब्द जागच्या जागी राहिला आणि त्याखालचे वय सरकत गेले. मोल्सवर्थच्या काळातील शब्द वाचताना आजचे वय त्यात भरणे ही ऐतिहासिक चूक होईल.

वृद्ध वराची बाजूही पाहिली पाहिजे. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' (१८९९) या नाटकाने ज्या प्रथेवर प्रहार केला, तिला विद्वानांनी 'जरठ-कुमारी विवाह' असे संस्कृत नाव दिले. 'जरठ' हा शब्द ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून 'जरद्गव', म्हणजे म्हातारा बैल, हाही शब्द आला आहे. हितोपदेशात एका आंधळ्या, वृद्ध गिधाडाचे नाव जरद्गव आहे; म्हणजे म्हाताऱ्या बैलाची प्रतिमा तेव्हाच बैलापुरती उरली नव्हती.

६

वर्षांचा आकडा सांगणारा प्राणिवाचक शब्द मराठीत ठळकपणे एकच आढळतो, तो म्हणजे 'गद्धेपंचविशी'. सोळा ते पंचवीस हा काळ अविचाराचा, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ. परंतु यातील आकडा गाढवाकडून आलेला नाही. गाढवाचे पंचविसावे वर्ष हे काही त्याचे तारुण्य नव्हे. 'विशी', 'तिशी', 'चाळिशी' ही माणसाच्या आयुष्याची गणना. तिला गाढव विशेषण म्हणून जोडले गेले आहे. उतारवयासाठी याच्या जोडीची म्हण 'साठी बुद्धी नाठी'. तीत आकडा आहे, पण प्राणी नाही. यावरून असे दिसते की, मराठी माणूस वय आकड्यात सांगतो तेव्हा माणसाची गणना वापरतो आणि उपयोगात सांगतो तेव्हा गोठ्याकडे वळतो. दोन्ही मापे आपल्या भाषेत शेजारी नांदत आली आहेत.

७

आता व्याकरणाकडे वळू. वासरू, रेडकू, पारडू, शिंगरू, करडू, कोकरू हे सर्व शब्द नपुंसकलिंगी आहेत. संस्कृतातील 'वत्स' पुल्लिंगी; मराठीतील 'वासरू' मात्र 'वत्सरूप' या सामासिक शब्दापासून आले, असे व्युत्पत्तिकार मानतात आणि नपुंसकलिंगाचा उलगडा त्यावरून होतो. गोऱ्हा आणि कालवड, टोणगा आणि वगार, असे लिंगभेद भाषेत स्पष्ट होतात ते पिलू मोठे होऊन त्याचे काम किंवा दूध दृष्टिपथात आले म्हणजे. खोंड हा शब्द बोलीत पुल्लिंगी व नपुंसकलिंगी असा दोन्ही तऱ्हेने चालतो. तो या उंबरठ्यावरचाच शब्द आहे.

माणसाच्या बाबतीतही रचना हीच आहे. लेकरू, मूल, पोर, बाळ हे नपुंसकलिंगी. पुढे मुलगा आणि मुलगी. 'लेकरू' तर ध्वनिरूपानेही वासराच्या व कोकराच्या पंक्तीत बसते. येथवर माणूस आणि जनावर बरोबरीने चालतात.

यापुढे मात्र वाटा फुटतात. जनावर म्हातारे झाले तरी त्याचे लिंग बदलत नाही; म्हातारा बैल 'तो'च राहतो, म्हातारी गाय 'ती'च राहते. माणसाच्या बाबतीत खेड्यातील बोली वेगळेच करते. ओसरीवर बसलेल्या वृद्धाविषयी 'म्हातारं जेवलं का?' असे सहज विचारले जाते. हे नपुंसकलिंग तुच्छतेचे नाही. स्वरानुसार त्यात कधी थट्टा, कधी काळजी असते. पण तेच लिंग 'लेकरू जेवलं का?' या प्रश्नात असते. भाषेने वृद्धाला पुन्हा लेकराच्या रांगेत बसविले आहे. लेकराला कामावाचून खाण्याचा जो अधिकार असतो, तोच अधिकार या लिंगबदलाने वृद्धाला मिळतो. 'शिंगे मोडून वासरांत शिरणे' ही म्हण ज्या वासरांत शिरण्याची चेष्टा करते, त्याच वासरांत बोलीचे व्याकरण म्हाताऱ्या माणसाला आपण होऊन बोलावून घेते. निबंधाच्या आरंभी केलेल्या विधानाचा आशय हा आहे.

८

कामाने वय ठरविण्याची दृष्टी केवळ म्हणींपुरती नव्हती. ती अलीकडच्या कायद्यांतही होती. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६ याच्या मूळ तरतुदींनुसार बैलाच्या कत्तलीसाठी प्रमाणपत्र लागे, आणि ते देताना जनावर ओढकामाला, पैदाशीला किंवा दुधाला उपयोगी आहे काय, हे पाहिले जाई. २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने वळू व बैल यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि ती कसोटी त्यांच्यापुरती मागे पडली. दरम्यान बैल स्वतःच मागे पडत होता. २०१२ व २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला. ज्या कामाने वय मोजले जात होते, ते काम ट्रॅक्टरने उचलले.

माणसाच्या बाबतीत कायद्याने याच काळात उलट दिशा धरली. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमाने ६० वर्षे हा आकडा ज्येष्ठत्वाची कसोटी म्हणून ठरविला. हात काम करतात की नाही, हा प्रश्न त्या व्याख्येत नाही. 'ज्येष्ठ नागरिक' हा शब्द गोठ्यातून आलेला नाही, आणि त्याला कोणी हसतही नाही. पण त्याला अजून कोणी मायेनेही उच्चारीत नाही.

अभ्यासकांपुढील काम यातून स्पष्ट होते. बाजारातील, दावणीवरील आणि शर्यतीच्या मैदानावरील वयोवाचक शब्द आज जिल्हावार नोंदले गेले नाहीत, तर पुढील पिढीला 'खच्चीकरण' खचण्यावरून आणि 'भाकड' म्हातारपणावरून लावावे लागेल. नोंद करताना शब्दाबरोबर त्याचे लिंगही टिपावे, एवढी एक सूचना येथे करावीशी वाटते. म्हण सांगणारा मनुष्य जे मत मांडतो, ते कधी कधी त्याचेच व्याकरण शांतपणे खोडून काढीत असते. आणि ते खोडून काढणे 'म्हातारं' या शब्दाच्या शेवटच्या अनुस्वारातच ऐकू येते.